चाळीस पावलांवरचं घुबड

फोटो बघायला दिला की साहेब आधी सावली शोधायचे. फोटोत मोर असो, मंत्री असो की माझ्या मेव्हण्याचं लग्न असो, त्याच्याशी त्यांना देणंघेणं नसायचं. चष्मा कपाळावर सरकवून, फोटो नाकाजवळ नेऊन ते विचारायचे, "ह्याची सावली कुठं हाय?" सावली सापडली की ती कोणत्या अंगाला पडलीय ते बघायचे, त्यावरून फोटो किती वाजता काढला असेल याचा मनाशी हिशेब करायचे, आणि मग काढणाऱ्याला वेळ विचारायचे. दोन्ही वेळा जुळल्या तर फोटो खरा. नाही जुळल्या तर काढणारा खोटा, आणि तो पुढे जन्मभर खोटा.

नांदेडला आम्हा हौशी फोटोवाल्यांचं एक टोळकं होतं. रविवारी सकाळी गोदावरीच्या घाटावर जमायचं, होड्या, बगळे, धुकं असं जे सापडेल ते टिपायचं आणि मग चहाच्या टपरीवर एकमेकांचे कॅमेरे हातात घेऊन मागच्या पडद्यावर फोटो बघत वाहवा करायची. यात काही मोठी कला नव्हती. प्रत्येकाचं पोटापाण्याचं काम वेगळं होतं. माझं तरोडा नाक्याजवळ औषधांचं दुकान. एक मॅडम होत्या, कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवायच्या. एक फ्लेक्स छापणारा होता. शहरातले अर्धे वाढदिवस त्याच्याच मशिनीतून निघायचे. आणि हे साहेब. मूळचे बिलोलीकडचे, जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना मोजणीसाहेब म्हणायचो. ते मला नावानं हाक मारायचे नाहीत. "ओ मेडिकल" म्हणायचे.

त्यांचा कॅमेरा युरियाच्या रिकाम्या पोत्यात असायचा. आत जुना टॉवेल, टॉवेलात कॅमेरा, आणि लांब पल्ल्याची लेन्स जेवणाच्या उभ्या डब्यात, खाली फडकं घालून. बसमध्ये बसले की कुणालाही वाटावं, म्हातारा शेताला खत घेऊन निघालाय. फोटोचं कार्ड ते कॅमेऱ्यात ठेवायचेच नाहीत. बनियनला आतून शिवलेल्या खिशात ठेवायचे आणि वर सेफ्टी पिन लावायचे. चहासुद्धा आपल्या डोळ्यांदेखत उकळला तरच घ्यायचे. काकू एकदा मला म्हणाल्या होत्या, "माझ्या हातचं बी दोनदा चाखून बगतात. तीस वर्षं झाली लग्नाला, अजून खात्री पटंना."

असे संशयी ते जन्मजात नव्हते, असं त्यांचंच म्हणणं. नोकरीनं केलं. सगळी हयात भावाभावांच्या बांधावर उभं राहून गेली. इकडून एक भाऊ शपथ घ्यायचा, तिकडून दुसरा, आणि दोघांची म्हातारी आई मधे बसून दोघांनाही खरं म्हणायची. हद्दीच्या दगडाबद्दल ते म्हणायचे, "दगडाला पाय न्हाईत, तरी दर साली हातभर सरकून राहतो. आन् कुणाला बी विचारा, म्या न्हाई हलवला." हे सांगताना ते हसायचे, पण आमच्याकडे एकेक करून बघायचे. समोरच्याला उगीच वाटायचं की आपणच कुठला तरी दगड हलवून आलोय.

फ्लेक्सवाल्याला त्यांनी एकदा सर्वांसमोर पकडलं होतं. त्यानं मावळत्या सूर्यावरून उडणाऱ्या पक्ष्यांच्या थव्याचा एक झकास फोटो आणला होता. आम्ही सगळे माना डोलावत होतो. साहेबांनी चष्मा कपाळावर घेतला, बराच वेळ बघितलं आणि शांतपणे विचारलं, "ह्या पाखरांचा सूर्य येगळा हाय का?" सूर्य उजवीकडे होता आणि पक्ष्यांच्या पोटावर उजेड डावीकडून पडला होता. पक्षी दुसऱ्या कुठल्या फोटोतून आणून बसवलेले होते. फ्लेक्सवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

त्याच दिवशी टपरीवर साहेबांनी नियम करून टाकला. कुणाच्याही फोटोवर कुणीही शंका घेतली, की काढणाऱ्यानं ओरिजिनल दाखवायचं. म्हणजे कॅमेऱ्यातून जसा निघाला तसा, कड न कापलेला, रंग न लावलेला. दाखवला नाही तर चोरी कबूल. आम्हाला हा नियम इतका पसंत पडला की पुढे व्हॉट्सअॅपवर ग्रुप निघाला तेव्हाही तोच चालू राहिला. साहेब मात्र ग्रुपवर नव्हते. त्यांच्याकडे बटणांचा फोन होता. स्मार्टफोन आपण झोपलो की आपले फोटो कुठंतरी पाठवतो, अशी त्यांची पक्की समजूत होती. आणि आता ते नाहीत तर सांगतो, ही समजूत अगदीच चुकीची होती असं मला वाटत नाही.

स्वतः काढलेला फोटो त्यांनी कधी कुणाला दिला नाही. दाखवायचे, पण हाताचा आडोसा करून, तीन मोजेपर्यंत. मग पडदा बंद. त्या तीन अंकांत जे दिसायचं ते मात्र आम्हाला दोन दिवस पुरायचं. पिल्लाला चोचीत चोच घालून भरवणारा खंड्या. नाकावर दव घेऊन बसलेला कोल्हा. आणि घुबडं. इतकी घुबडं, इतक्या जवळून, की विश्वास बसू नये. कुठं काढलं विचारलं तर म्हणायचे, "गट नंबर दोनशे बारा." कोणत्या गावचा दोनशे बारा, ते देवच जाणे.

आता ज्याला जगाचा संशय, त्याचा जगालाही संशय. फ्लेक्सवाला म्हणायचा, हे फोटो यांचे नव्हेतच, कुणा मोठ्या फोटोग्राफरचं जुनं कार्ड यांच्या हाती लागलंय. पुढे त्याची गाडी आणखी घसरली. पोतं घेऊन पहाटे माळरानात जाणारा माणूस, आणि त्याला सगळी घुबडं ठाऊक. गुप्तधन शोधणाऱ्यांना काय लागतं, तुम्हीच सांगा, म्हणायचा. मॅडमनी त्याला झापलं. मी झापलं नाही. मी नुसता हसलो, कारण मलाही आतून थोडं तसं वाटायला लागलं होतं. माणूस इतकं लपवतो म्हणजे लपवण्यासारखं काहीतरी असणारच, असा माझा त्या वेळचा हिशेब होता.

मी शिकलो मात्र त्यांच्याकडेच. मी सेकंडहँड कॅमेरा घेतला तेव्हा बटण दाबणं म्हणजे फोटो असं मला वाटायचं. पहिले दोन रविवार त्यांनी मला लेन्सचं झाकणच काढू दिलं नाही. मालेगाव रस्त्याला एका नाल्याच्या काठावर बसवून ठेवलं. मी कंटाळून विचारलं की आपण इथं काय करतोय. म्हणाले, "बसून राहिलोय. पाखराला आदी तुमची खात्री पटू द्या. फोटो मंग." तिसऱ्या रविवारी एक टिटवी माझ्यापासून बारा-पंधरा हातांवर येऊन निवांत उभी राहिली, तेव्हा मला कळलं की हा माणूस काहीतरी निराळंच शिकवतोय.

असं दोन-अडीच वर्षं चाललं. मग एका शनिवारी, थंडी सरत आली होती तेव्हा, ते दुकानात आले. काउंटरवर गिऱ्हाइक होतं, ते जाईपर्यंत खोकल्याच्या बाटल्या वाचत उभे राहिले. मग वाकून हळूच म्हणाले, उद्या पहाटे चला, फोन घरी ठेवा, घरात सांगू नका कुठं जाताय ते. मी म्हटलं, मलाच माहीत नाही कुठं जातोय, तर सांगणार काय? ते त्यांना पटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही लातूरच्या बसमध्ये बसलो. तिकीट अहमदपूरचं काढलं आणि बरंच अलीकडे एका फाट्यावर उतरलो. तिथून काळीपिवळीनं उलटं मागं आलो. मग शेतांमधल्या एका पांदीनं चालायला लागलो. साहेब पुढं, खांद्यावर पोतं, दर थोड्या अंतरावर मागं वळून बघत. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. खरं सांगतो, मला भीती वाटली. फ्लेक्सवाल्याचं बोलणं आठवत होतं, आणि त्या पोत्यात आज टॉवेल आणि कॅमेराच आहे कशावरून, हा विचार डोक्यातून जाईना. शेवटी मी म्हटलं, साहेब, द्या, मी घेतो थोडा वेळ. त्यांनी माझ्याकडे टक लावून बघितलं आणि पोतं माझ्या हातात दिलं. मी चालता चालता हळूच आत हात घातला. टॉवेल, कॅमेरा, डबा, आणि फडक्यात बांधलेल्या चार भाकरी. मला माझीच लाज वाटली. ते पुढं बघूनच चालत होते. म्हणाले, "भाकरी हाय का बगा. तुमच्या काकू कवा कवा इसरतात."

एका बंद पडलेल्या दगडखाणीशी आम्ही पोचलो. खाणीच्या पलीकडच्या कड्यात एक कपार होती आणि कपारीत शृंगी घुबडाची मादी बसली होती. भुवयांच्या जागी उभी पिसं, नारिंगी डोळे. तिच्या पोटाशी कापसासारखी दोन पिल्लं. कोवळं ऊन पडायला लागलं होतं. साहेबांनी पायाच्या अंगठ्यानं मातीत एक रेघ ओढली. "चाळीस पावलं. हिच्या पुढं एक बी न्हाई," म्हणाले. आम्ही त्या रेघेच्या अलीकडे तासभर पोटावर पडून राहिलो. घुबडानं आमच्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि मग डोळे मिटले. असा आनंद मला दुकानात, घरात, लग्नात, कशातच झाला नव्हता.

परतताना मला वाटलं, आता हे शपथ घालतील. कुलदैवताची, मुलाबाळांची, निदान गोदावरीची तरी. त्यांनी तसं काही केलं नाही. फाट्यावर बसची वाट बघताना एवढंच म्हणाले, "आजवर कुणाला आणलं न्हाई हितं." त्या गावाचं नाव मी आजही लिहीत नाही, पण आता त्याचा काही उपयोग नाही.

त्या दिवशी मी माझ्या कॅमेऱ्यानं काढलेला घुबडाचा फोटो दोन आठवडे दाबून ठेवला. माझ्यासारख्या माणसाला दोन आठवडे म्हणजे पुष्कळ झाले. दुकानात बसून मोबाइलवर दिवसातून दहादा बघायचो. शेवटी मन घट्ट केलं, म्हणजे खरं तर सैल सोडलं, आणि फोटो सगळ्या बाजूंनी कापून, नुसतं घुबड आणि पिल्लं राहतील असा करून ग्रुपवर टाकला. जागा लिहिली नाही. जागा कशी लिहीन, एवढा काही मी नालायक नाही, असं स्वतःला बजावलंसुद्धा.

अंगठे आले, फुलं आली. मॅडमनी लिहिलं की पिल्लांच्या डोळ्यांत उजेड फार छान आलाय. मी हवेत. आणि मग फ्लेक्सवाल्यानं लिहिलं, नेटवरून उचललेला दिसतो, नियमाप्रमाणे ओरिजिनल टाका.

दुकानात गर्दी होती. एका हातात कुणाची तरी चिठ्ठी, एका हातात फोन. डोक्यात नुसती आग. ज्यानं दुसऱ्याची पाखरं आणून चिकटवली तो मला चोर म्हणतो? मी न कापलेला फोटो शोधला आणि दिला टाकून. घे म्हटलं. चिठ्ठीवरची औषधं काढून दिली, आणि पुन्हा फोन बघितला तेव्हा दिसलं. न कापलेल्या फोटोच्या वरच्या कोपऱ्यात, कपारीच्या बाजूला, जुन्या खडी क्रशरची गंजलेली पाटी होती. तिच्यावर मालकाचं नाव पुसलं गेलं होतं. गावाचं नाव तेवढं चांगलं ठळक उरलं होतं.

मी फोटो सगळ्यांसाठी डिलीट केला. पण तोवर ज्यांनी बघायचं त्यांनी बघितलं होतं.

पुढच्या रविवारी घाटावर कुणीच आलं नाही. दुपारी एकेकाचं स्टेटस बघितलं आणि समजलं. तीन गाड्या आणि चार-पाच मोटरसायकली गेल्या होत्या. घुबड चाळीस पावलांवरून नाही, दहा फुटांवरून काढलेलं होतं. पंख पसरलेलं, कारण ते वर बघेना म्हणून कुणीतरी खडा मारला होता. एका फोटोत फ्लेक्सवाला स्वतः होता, मागं कपार, कपारीत दोन पिल्लं, आई नाही. त्याच्या पुढच्या रविवारी मी एकटाच मोटरसायकलवर गेलो. कपार रिकामी होती. थोडी पिसं होती. कोल्ह्यानं नेली, माणसानं नेली की भुकेनं गेली, मला आजही माहीत नाही. त्या रेघेवर जाऊन उभं राहायचीसुद्धा माझी हिंमत झाली नाही.

साहेब मला त्यानंतर दुकानात भेटले. रविवारी दुपारी मी अर्ध शटर उघडं ठेवतो, तेव्हा. स्टुलावर बसले, घाम पुसला आणि म्हणाले, "खाणीतली गेली." मी म्हटलं, काय सांगता? हे मी इतक्या सहज म्हटलं की माझं मलाच आश्चर्य वाटलं. त्यांच्याकडे तर बटणांचा फोन. ते ग्रुपवर नाहीत. त्यांना कोण सांगणार, हा हिशेब मी एका क्षणात केला होता.

मग ते दर रविवारी यायला लागले. चोर कोण असेल याची चर्चा करायला. आधी त्यांनी मेंढपाळांवर संशय घेतला, मग बंद खाणीतला सुटा दगड उचलायला येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांवर. मी दोन्हीला दुजोरा दिला. मग फ्लेक्सवाल्यावर आले. तिथं तर मी भरभरून बोललो. प्रत्येक वेळी ते माझं सगळं ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि स्टुलावर तसेच बसून राहायचे. मी उगीच बिलं चाळत राहायचो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते खोटं नाही. मग उठताना म्हणायचे, "बरं, येतो मंग, मेडिकल," आणि पायरीवर जरासे थांबायचे.

असे तीन-चार महिने गेले. उन्हाळा संपत आला तेव्हा एक दिवस म्हणाले, "मला मॅडमवर शंका येऊन राहिली."

मॅडम त्या दिवशी खाणीवर गेल्यासुद्धा नव्हत्या. उलट ग्रुपवर सगळ्यांना त्यांनी एकट्यांनीच खडसावलं होतं. हे मला पक्कं माहीत होतं. साहेब माझ्याकडे बघत होते. मी काउंटरवरचा ओआरएसचा डबा नीट लावला आणि म्हटलं, "असेल. काय सांगावं."

ते नेहमीपेक्षा जास्त वेळ बसले. मग पायरीवर न थांबता निघून गेले. त्यानंतरचे दोन रविवार ते आले नाहीत. मला वाटलं, गेले असतील मॅडमकडे, बोलले असतील त्यांना काही तरी टोचून. ते दोन आठवडे मला अन्न गोड लागलं नाही. पण गेलो मी कुठंच नाही.

पुढच्या शनिवारी मॅडम आईच्या बीपीच्या गोळ्या घ्यायला दुकानात आल्या. मी नजर टाळत होतो. शेवटी चाचरत विचारलं, मोजणीसाहेब तुम्हाला काही बोलले का त्या घुबडावरून? त्या म्हणाल्या, "मला कशाला बोलतील? ती गर्दी झाली त्याच दिवशी संध्याकाळी खाणीवरून थेट आले होते माझ्याकडे. ग्रुपवर काय आलं होतं विचारलं. तुमचा फोटो मी सेव्ह केला होता, पाटीसकट, तो दाखवला. त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही?"

म्हणजे साहेबांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मेंढपाळ, ट्रॅक्टरवाले, फ्लेक्सवाला, मॅडम, हे सगळे संशय त्यांनी फक्त माझ्या एकट्यासमोर मांडले होते. आणि खाणीवर त्यांनी आजवर नेलं होतं तेही मला एकट्यालाच. एवढी साधी गोष्ट मला इतके महिने दिसली नव्हती, कारण ती मला बघायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. ते ओसरीवर बसून लेन्स पुसत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं. फोटो मी टाकला, न कापलेला, रागाच्या भरात, पाटी दिसली नाही, खाणीतली पिल्लं माझ्यामुळे गेली. मॅडमचा काही संबंध नाही, हेही सांगितलं. ते लेन्स पुसत राहिले. मग म्हणाले, "हाव. ठावं हाय मला."

मी विचारलं, मग दर रविवारी कशाला येत होता?

"तुमी सांगताल म्हणून येत होतो."

त्यांनी लेन्सला झाकण लावलं, फडक्यात गुंडाळली, डब्यात ठेवली. मग वर बघितलं. तो चेहरा मी त्यांच्याबरोबर बसून टिटवीची वाट बघताना बघितला होता. म्हणाले, "एक इचारतो, मेडिकल. मॅडम भेटल्या होत्या का तुमाला?"

मी काय म्हणावं हे ठरवायला मला वेळ लागला नाही. तेच मला सर्वांत जास्त टोचतं. मी म्हटलं, "नाही. बऱ्याच दिवसांत नाहीत भेटल्या."

ते उठले. माझ्या खांद्यावर हात ठेवला, जो त्यांनी याआधी कधी ठेवला नव्हता, आणि आत बघून मोठ्यानं म्हणाले, "आवो, च्या ठेवा. मेडिकल आलेत. आपणहून सांगाया आलेत." चहा झाला. काकू कप ठेवून माझ्याकडे कौतुकानं बघत होत्या. साहेबांनी कप उचलला आणि न चाखता, सरळ प्यायला सुरुवात केली. मीही प्यालो.

त्यानंतर ते मला आणखी तीन जागी घेऊन गेले. गेल्या हिवाळ्यात ते गेले, झोपेतच.

तेराव्याला मॅडम भेटल्या. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, तुम्ही गोळ्या घ्यायला दुकानात आला होतात त्यानंतर साहेबांनी तुम्हाला कधी काही विचारलं का, आपली भेट झाली होती का म्हणून? मॅडम म्हणाल्या, नाही, कधीच नाही. साहेबांच्या शेजारच्याच गल्लीत राहायच्या त्या. येता-जाता एक शब्द विचारला असता तर कळलं असतं. जन्मभर प्रत्येक सावलीची खात्री करून घेणारा माणूस, माझ्या बाबतीत मात्र त्यांनी ती करून घेतली नाही. त्यांना करायची नव्हती.